टाकीच्या मोटरला बोर्डावरचा रिले की वेगळा कॉन्टॅक्टर?

वरची टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, एवढंच तर काम. लेव्हल कंट्रोलर कोणता घ्यायचा यावर लोक तासभर बोलतील, पण मोटरचा करंट प्रत्यक्षात तोडणार कोण, हे दुकानदारावर सोडून देतात. पद्धती दोन. एकात कंट्रोलरच्या बोर्डावरच डबीसारखा 30 अँपिअरचा रिले असतो, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने धातूचे कॉन्टॅक्ट जोडणारा-सोडणारा स्विच, आणि मोटर थेट त्याच्यावर. दुसऱ्यात बोर्डावरचा रिले फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे तशाच पण दणकट स्विचची, कॉइल ओढतो, मोटर कॉन्टॅक्टरवर. पहिली मी तीन वर्षं वापरली, दुसरी गेली चार वर्षं वापरतोय. मोटर तीच, एक एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक.

थेट रिलेची बाजू लंगडी नाही. डबी छोटी, खर्च कमी, आवाज म्हणाल तर नुसती टिचकी. शिवाय त्याची कॉइल बोर्डाच्या 12 व्होल्टवर चालते, त्यामुळे लाइनचा व्होल्टेज बराच खाली आला तरी तो तग धरतो. पहिली दोन वर्षं मला त्याबद्दल बोलायला काही नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात पहाटे शेजारचे काका गेटातून ओरडले, “अहो, गच्चीवरनं धबधबा लागलाय!” धावत खाली आलो. कंट्रोलरचा दिवा विझलेला, म्हणजे त्याच्या मते मोटर बंद. मोटर मात्र घरघरतेय. मेन स्विच पाडला. इलेक्ट्रिशियन आला, त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर हलकेच ठोकलं, आतून ‘टक्’ आवाज आला. “सुटला बघा,” म्हणाला. सुटला खरा. महिन्याने पुन्हा चिकटला. तोवर ठोकायचं मीही शिकलो होतो. चार महिने मी मेन पाडून त्या रिलेला ठोकत होतो. स्क्रूड्रायव्हर शेजारीच सुतळीने टांगून ठेवला होता. शेवटी बायको म्हणाली, “रोज उठून थोपटायचंच असेल, तर मोटरचं बटण मीच दाबते की!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रिले बिघडला की मोटर सुरूच होत नाही, असं झालं असतं तर मी एवढा वैतागलो नसतो. पण हा बिघडायचा तो ‘चालू’ अवस्थेत, आणि दिवा ‘बंद’ दाखवायचा. शिवाय ठोकून सुटलेला रिले बरा झालेला नसतो. वितळून खडबडीत झालेला कॉन्टॅक्ट पुढच्या वेळी आणखी लवकर चिकटतो.

दोष पूर्णपणे रिलेचा नाही. त्याच्यावर छापलेले 30 अँपिअर हे हीटरसारख्या लोडचे असतात. मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या पाच-सहा पट. त्याच क्षणी जुळणारा कॉन्टॅक्ट किंचित उसळतो, ठिणगीने चांदी वितळते आणि दाबाखाली गोठते. स्प्रिंग बिचारी नाजूक. त्यात टाकीतल्या लाटांवर फ्लोट नाचला की मोटर मिनिटात तीनदा उठते. रिले ठेवणारच असाल, तर थोडा डिले असलेलाच, म्हणजे लगेच चालू-बंद न करणारा, कंट्रोलर घ्या. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या किती रुंद आहेत तेही बघा. रिले जाड आणि पट्टी दोऱ्यासारखी, असे बोर्ड मी पाहिलेत.

कॉन्टॅक्टर मोटरसाठीच घडवलेला. स्प्रिंग दणकट, आणि प्रत्येक पोल, म्हणजे एका तारेची वाट, करंट दोन जागी तोडतो. घेताना आकडा मात्र एसी-3चा वाचा, तो मोटरसाठीचा; एसी-1 हीटरसारख्या लोडचा. एकाच कॉन्टॅक्टरवर एसी-3ला 9 आणि एसी-1ला 25 लिहिलेलं असतं, आणि काउंटरवर आपल्याला 25 ऐकवतात. मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडता येतात; बोर्डावरचा रिले बहुधा एकच तार तोडतो. अर्थात, हौद धुवायला माणूस उतरणार असेल तर दोन्हींपैकी कशावरही विसंबू नका, मेन पाडाच. ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट घेतला की ट्रिप होणारा) लावलात तर सिंगल फेजला करंट त्याच्या तिन्ही पोलमधून फिरवून घ्या, नाहीतर एक पोल रिकामा बघून तो उगाच ट्रिप होतो.

कॉन्टॅक्टरचे जाच सांगतो. लागताना ‘धाड’ करतो. चुंबकाच्या तोंडावर धूळ बसली की गुणगुणतो. आणि 230 व्होल्टच्या कॉइलला साधारण 85 टक्के, म्हणजे 195च्या आसपास तरी लागतात. त्याखाली तो फडफडू लागतो आणि फडफडण्यात त्याचेही कॉन्टॅक्ट जळतात. संध्याकाळी व्होल्टेज 170वर येणाऱ्या गावात थेट रिले घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. तसं पाहिलं, तर 170वर मोटरही चालवू नये. लो-व्होल्टेज कटऑफ लावला की हा प्रश्न बहुतेक मिटतो.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलला समांतर आरसी स्नबर (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी) जोडा, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी कमी पडते. स्नबर त्या कॉन्टॅक्टवर नको. त्यातून झिरपणाऱ्या करंटने एखादा कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहू शकतो.

अर्धा एचपीचा पंप, दिवसातून एकदाच चालणारा आणि कुणीतरी कायम घरात, असं असेल तर थेट रिलेने भागेल. आमच्याकडे आता तोच जुना बोर्ड आहे, फक्त नव्या रिलेसह, आणि कॉइलपुरताच. एक बझर जास्तीचा लावलाय: बोर्डाच्या रिलेचा एनसी (सुटलेला असताना जोडलेला कॉन्टॅक्ट) आणि कॉन्टॅक्टरचा मोकळा एनओ (ओढल्यावर जोडला जाणारा) सिरीजमध्ये. कंट्रोलरने सोडूनही कॉन्टॅक्टर आतच राहिला, तर बझर वाजणार. आतापर्यंत वाजला तो फक्त चाचणीत. सुतळी अजून खिळ्याला आहे, स्क्रूड्रायव्हर पेटीत गेला.