गावच्या घराला कूलर की एसी?

मार्च सरत आला की नोकरीसाठी बाहेर असलेल्या मित्रांचे फोन सुरू होतात. गावी आई-बाबा दोघंच असतात, यंदा त्यांना एसी बसवून द्यावा म्हणतो, तुझं काय मत? मला विचारतात कारण आमच्या घरी दोन्ही आहेत. समोरच्या खोलीच्या खिडकीला लोखंडी कूलर आणि मधल्या खोलीत, कल्याणच्या भावाने हट्टाने बसवून दिलेला दीड टनाचा एसी. गाव आर्वीच्या बाजूचं, वर्धा जिल्ह्यातलं. टन, स्टार, वॅट यांचा हिशोब दुकानदार सांगतोच, म्हणून तो इथे मांडत नाही. दोन्हींसोबत उन्हाळे काढल्यावर काय वाटतं तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट, मुंबई-पुण्याच्या अनुभवावरून इथला निर्णय घेऊ नये. मुंबईत मे महिन्यात पारा तेहतीस-चौतिसाच्या आसपास असतो, पण हवेत ओल इतकी की घाम अंगावरच राहतो. आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस आणि घाम आलेला कळायच्या आत वाळून जातो; शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उरतात. हवामान विभागही उष्णतेची लाट ठरवताना दोन्हीकडे एकच माप लावत नाही. किनारपट्टीला कमाल तापमान ३७ अंश झालं की विचार सुरू होतो, मैदानी भागात त्यासाठी ४० लागतात.

कूलरचं सगळं काम या कोरडेपणावर चालतं. गवत भरलेल्या ओल्या ताट्यांतून हवा आत येते तेव्हा पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. मे महिन्याच्या भर दुपारी इथली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत उतरते. अशा वेळी बाहेर ४४ असताना चांगल्या ताट्यांतून अठ्ठावीस-तीस अंशांची हवा येऊ शकते. तोच कूलर कल्याणला लावला तर चार-पाच अंशांपलीकडे उतार पडत नाही, वर खोली दमट होते ती वेगळीच. भाऊ कूलरला नावं ठेवतो ते त्याच्या गावी खरंच आहे. आर्वीला ते लागू होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

विदर्भही सगळा सारखा तापत नाही, आणि मला वाटतं घेणाऱ्याने सगळ्यात जास्त विचार इथेच करावा. आमच्या कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटी उपटून झाली की वावरं उघडी पडतात. काळी माती तापते, तिला भेगा जातात आणि अकरा वाजल्यापासून झळा सुरू होतात. या कोरड्या झळांत कूलर जीव तोडून काम करतो. माझी बहीण साकोलीला दिली आहे. भंडारा-गोंदियाचा भाग मामा तलावांचा, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांचा, आणि धानाचा. पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी धानही उभं असतं. तिच्याकडे संध्याकाळी हवा जड वाटते. रोहिणीत एखादी सर येऊन गेली की तिचा कूलर नुसता वारा फेकतो, त्याच दिवशी आमचा मात्र चांगला चाललेला असतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं देशातल्या सर्वाधिक तापलेल्या ठिकाणांत दर उन्हाळ्यात असतातच. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता. इतक्या उन्हात कूलरची हवासुद्धा कोमट लागते, हे मान्य केलं पाहिजे.

सासुरवाडी दर्यापूरकडची, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. उन्हाची जात आमच्यासारखीच कोरडी, पण जमिनीतलं पाणी खारं. ते पाणी कूलरमध्ये फिरलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. थोड्याच दिवसांत ताट्यांवर पांढरी पापडी धरते, ताटी हाताला कडक लागते, मधून हवा जाईनाशी होते. पंपाची जाळी बुजते, टबाला गंज चढतो. योजनेचं गोडं पाणी पिण्यापुरतं येतं, ते कूलरला घालायला सासूबाईंचं मन होत नाही, आणि ते बरोबरच आहे. अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर या बाजूला ज्याचं घर आहे त्याने कूलर घेण्याआधी पाण्याची चव बघावी. तिथे एसीचं पारडं माझ्याही मते जड आहे.

एसीचे गुण सरळ आहेत. त्याला पाणी लागत नाही. आवाज कमी. पाऊस पडून गेल्यावरच्या घुसमटीत, जेव्हा कूलर लावला काय नि न लावला काय सारखंच, तेव्हा तो एकटाच कामाचा. घरात तान्हं बाळ असेल, दम्याचा माणूस असेल, कोणाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर एका खोलीत एसी असावा. भावाची मुलं मे महिन्यात येतात तेव्हा मधल्या खोलीत शांत झोपतात, त्यांना कूलरच्या घरघरीची सवय नाही. हे सगळं धरूनही मी कूलरकडे झुकलो त्याला एकच कारण झालं, ते म्हणजे दार.

एसीला दार लावलेलं लागतं. शहरातल्या माणसाला ही अडचण वाटणारच नाही, कारण तिथे दार लावलेलंच असतं. आमच्या घराचं दार पहाटे उघडतं ते रात्री झोपताना लागतं. दुपारभर घरात माणसांची ये-जा. आई कुरड्या वाळत घालून बसलेली असते. मध्येच उठून कावळा हाकलून येते, मध्येच माठातलं पाणी बघते, गाईला सावलीत बांधते. दर खेपेला दार उघडतं आणि आतून कोणीतरी म्हणतं, ‘दार लोटा, हवा चालली.’ दुपारभर हेच एक वाक्य घरात ऐकू येतं. शेजारच्या काकू शेवयांचं यंत्र मागायला येतात, लोटलेलं दार पाहतात आणि झोपले असतील म्हणून अंगणातूनच परत जातात. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, पण मला ते लागलं.

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, तर बघवत नव्हतं. बारा-साडेबाराला तो वावरातून येतो. कूलरच्या खोलीत आपसूक येतो, उंबऱ्याला टेकतो, डोक्याचा दुपट्टा सोडून झटकतो, गडवाभर पाणी पितो आणि घटकाभर त्या हवेत डोळे मिटतो. एसीच्या खोलीचं दार ढकलून, धुळीच्या पायांनी आत यायला तो कचरतो. या म्हटलं तरी ‘नाही जी, बरा हाव इथं’ म्हणत ओसरीतच बसतो. सगळ्या घरात ज्याला गारव्याची खरी गरज, तोच गारव्याबाहेर. आणि आम्ही आत दार लावून बसायचं, हे मला जमलं नाही.

बाबांची अडचण निराळी. त्यांना दार लावलेल्या खोलीत कोंडल्यासारखं होतं. ‘कायले लोटता दार? जीव घाबरते माहा,’ म्हणतात आणि उठून बाहेर येतात. चोवीस अंशांच्या खोलीतून चव्वेचाळीसच्या अंगणात, तिथून पुन्हा आत, असं दोन-चारदा झालं की त्यांचं डोकं धरतं. डॉक्टर याला काय म्हणतील ते म्हणोत, मी घरात पाहतो ते हे.

कूलरला याच्या बरोबर उलट लागतं. बाहेरची कोरडी हवा त्याने आत ओढायची आणि आतल्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट ठेवायची. दारं-खिडक्या बंद करून कूलर चालवला तर तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. कूलर काही कामाचा नाही म्हणणाऱ्या कितीतरी घरांत मूळ अडचण हीच असते. तो खोलीच्या आत ठेवूनही उपयोग नाही, त्याची पाठ बाहेर मोकळ्या हवेत पाहिजे. आमचा उत्तरेच्या खिडकीला आहे. समोरचं दार सताड उघडं, त्यामुळे हवा खोलीतून निघून ओसरीवर येते. बाबांची बाज त्या दारातच आडवी असते. तिथून त्यांना रस्ता दिसतो, जाणाऱ्याला हाक मारता येते. खोलीत आई, उंबऱ्याशी सालदार, ओसरीत आलेला-गेलेला, सगळ्यांना थोडी थोडी हवा मिळते. एसीइतकी गार नाही, पण मिळते सगळ्यांना.

विजेचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. आमच्याकडे संध्याकाळी गावातले सगळे पंखे-कूलर एकदम लागतात आणि व्होल्टेज पडतं. कॉम्प्रेसर गुरगुरतो, स्टॅबिलायझर कट करतो, एसीतून नुसता वारा येतो. कूलरचा पंखा मंदावतो, पण फिरत राहतो. लाईन गेलीच तर साध्या इन्व्हर्टरवरही तो काही वेळ निघतो. गावात स्वतंत्र डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असेल, व्होल्टेज भरपूर असेल, तर हा मुद्दा सोडून द्या.

कूलरलाही त्याचं मागणं आहे आणि ते लहान नाही. मे महिन्यात दिवसाला सात-आठ बादल्या पाणी सहज लागतं. आमच्या विहिरीला पाणी टिकतं म्हणून आम्हाला ते झेपतं. ज्या गावात एप्रिलपासून टँकरची वाट बघतात, तिथे कूलरचा आग्रह मी कोणालाच करणार नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. लोखंडी टब, ओली फरशी आणि अनवाणी पाय. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी इकडे दर उन्हाळ्यात वाचायला मिळते, आणि त्यात लहान मुलं असतात. अर्थिंग नीट करून घ्या, वीज गळाली की लाईन तोडणारा ईएलसीबी बसवा, आणि पाणी घालण्याआधी नुसतं बटण बंद न करता पिन काढा. आई-बाबांना हे शिकवून, दोन-तीनदा करवून घेऊन मगच परत जा. हे जमणार नसेल तर लोखंडाऐवजी प्लास्टिकच्या बॉडीचा घ्या, आणि त्यालाही हीच शिस्त ठेवा. आठवड्यातून एकदा टब रिकामा करून कडा घासायच्या आणि कोरड्या करायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टबाच्या कडेलाच चिकटलेली असतात.

ताट्यांबद्दल माझं मत जुन्या माणसांसारखं आहे. हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी, दिसायला नीटनेटकं, काही वर्षं टिकतं, कचरा पडत नाही. पण पाणी जड असेल तर त्याच्या नळ्या बुजतात आणि बदलायचा खर्च मोठा. साधं गवत दर हंगामाला नवं भरायचं, पहिले दोन-तीन दिवस त्याचा वास येतो, मग काही नाही. पुढच्या ताटीत थोडा वाळा भरला तर भर दुपारी खोलीत जो सुगंध येतो तो दुसऱ्या कशाला नाही. पहाटे गारठा जास्त झाला तर पंप बंद करून नुसता पंखा ठेवायचा. बाबा झोपेतही त्या बटणावर बरोबर हात टाकतात.

घर कसलं आहे तेही बघा. कवेलूचं, म्हणजे कौलारू, किंवा टिनाचं असेल तर एसीचा विचारच नको, गारवा फटींतून वर निघून जातो. स्लॅबचं असेल तर दोन्हींआधी गच्चीला पांढरा चुना मारा, पश्चिमेच्या भिंतीपुढे तुराट्यांचा मांडव घाला. स्लॅब दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडतो, तो थोडा कमी तापला की कूलरलाही सोपं जातं आणि एसीलाही. कूलरवर सावली हवीच, त्यासाठी वरून हिरवी जाळी बांधली तरी पुरते. एसी घेणार असाल तर बाहेरचा डबा पश्चिमेला लावू नका, आणि तो पन्नास-बावन्न अंशांपर्यंत चालतो असं लिहिलेलं आहे का ते पाहून घ्या. आमच्या उन्हात हे बघणं फार गरजेचं आहे.

तर साकोली, गोंदियाकडे घर असेल आणि जूनची चिंता असेल, किंवा खारपाणपट्ट्यात असेल, किंवा घरात आजारी माणूस असेल, तर एका खोलीला एसी बसवा, मी अडवणार नाही. वर्धा, यवतमाळ आणि अमरावतीचा गोड्या पाण्याचा भाग, विहिरीला पाणी, आणि घरात आई-बाबा, गडी-माणसं, शेजारपाजार असा राबता असेल, तर मला विचाराल तर मी लोखंडी कूलर घेईन. पैसे उरले तर त्याच पैशात ओसरीवर छप्पर पुढे ओढून घेईन. आणि घ्यायचा तो अक्षय तृतीयेच्या आत घ्यावा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की गवत भरून देणारा माणूस हाताशी लागत नाही, पंप मिळत नाही, आणि दुकानात उरलेला जो असेल तो घ्यावा लागतो.