साड्यांची गोधडी मशीनवर : काही महिने वॉकिंग फूट वापरल्यावर

जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या मी घरच्या झिगझॅग मशीनवर शिवते. पावसाळ्याच्या तोंडावर त्यासाठी वॉकिंग फूट मागवला, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या साध्या फूटच्या जागी बसवायचा वेगळा फूट. तेव्हापासून त्यावर अंथरायच्या-पांघरायच्या गोधड्या झाल्या, बाळंतविड्यातली दुपटी झाली आणि पलंगावर टाकायला एक जाडजूड प्रकरणही झालं. वस्तू घेण्यासारखी आहे. मात्र ती एकच काम करते, बाकीची मेहनत जिथल्या तिथे राहते.

ते एक काम असं. मशीनचे सुईखालचे दाते फक्त खालचं कापड पुढे ओढतात आणि वर फूट नुसता दाबून बसलेला असतो. ब्लाउजच्या दोन थरांना तेवढं पुरतं. साडीचे पाच-सहा थर घातले की वरचा थर मागे राहत जातो आणि ओळ संपेपर्यंत त्याचा फुगा होतो. दुसरी ओळ आडवी घातलीत तर तो फुगा चुणीत शिवला जातो, मग उसवत बसा. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात. त्याच्या बाजूचा दांडा सुईच्या स्क्रूवर बसतो, सुईबरोबर खालीवर होतो आणि वरचे दाते खालच्यांच्या तालात कापड सरकवतात. चुण्या जवळजवळ थांबल्या, हे मान्य करायलाच हवं.

घेण्याआधी मशीनची शँक, म्हणजे फूट ज्यावर बसतो त्या दांड्याची उंची बघा, फूट त्याच मापाचा लागतो. फूट खाली टाकायचा आणि त्याच्या तळापासून तो बसवायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजायचं. अर्धा-पाऊण इंच भरलं तर लो शँक, एक इंच किंवा जास्त भरलं तर हाय शँक. उषा जनोमची बहुतेक घरगुती मशीनं लो शँकची असतात. माझा फूट बिननावाचा, हजाराच्या आतला. तो आवाज करतो, आणि थोडाथोडका नाही. शिवता शिवता स्क्रू सैल होतो, म्हणून प्रत्येक बॉबिन बदलताना पिळून घेते. वेगात चालवला तर टाके लहानमोठे पडतात, सावकाश चालवला तर गुणी आहे. रुंद असल्यामुळे सुई नेमकी कुठे उतरतेय ते दिसत नाही, त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

सोबत गाइडची वाकडी दांडी येते. मागच्या ओळीवर ती ठेवून पुढची ओळ घालायची, खडूने आखायची गरज नाही. अर्थात पहिली ओळ सरळ हवी, नाहीतर तिचा बाक शेवटपर्यंत पोचतो. मी पहिल्या ओळीला मास्किंग टेप लावते. साडीचे काठ सरळ असतात असं समजून त्यांच्या आधाराने जाऊ नका. धुऊन धुऊन काठ आटलेला असतो आणि अंग सैल पडलेलं असतं. जरीचा काठ तर आधीच कापून बाजूला ठेवावा, त्यावर दोरा तुटतो.

आता अंतराचा हिशोब. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला दोन-दोन इंचांवर लांबीच्या ओळी घातल्या तर २९ ओळी होतात, म्हणजे साधारण ६६ मीटर शिलाई. तेच अंतर एक इंच केलं की ५९ ओळी आणि जवळपास १३५ मीटर. प्रश्न केवळ दोऱ्याचा नाही. मशीनच्या टाक्यात वर आणि खाली असे दोन दोरे असतात, आणि ओळी दाट झाल्या की गोधडी सतरंजीसारखी ताठ होते. हाताच्या धावदोऱ्याचा मऊपणा हवा असेल तर दोन इंचांच्या आत येऊ नका. टाका ३ ते ३.५ मिमी ठेवा, कारण जाड थरात तो आपोआप बारीक पडतो. सुई १६ नंबरची.

खरा घाम वजन काढतं. घरगुती मशीनमध्ये सुईच्या उजवीकडे सहा-सात इंचच जागा, आणि तिथून अर्धी गोधडी गुंडाळी करून जायची असते. म्हणून मधून सुरुवात करायची आणि एक बाजू संपवून मग गोधडी फिरवून दुसरी घ्यायची. साठ इंचातले तीस इंच तेवढे आत जातात. एका बाजूच्या ओळी सगळ्या एकाच टोकाकडून घालायच्या. एक इकडून, एक तिकडून असं केलं की थर विरुद्ध दिशांना सरकतात आणि तिरक्या सुरकुत्या येतात. गोधडी टेबलाखाली लोंबू दिली तर तिचं वजनच कापड मागे खेचतं आणि कुठलाही फूट हरतो. मी डावीकडे इस्त्रीचं टेबल लावते.

थर एकमेकांना धरून ठेवायला मुठीच्या अंतराने सेफ्टी पिना लावा असं सांगतात. मला कच्चे टाकेच बरे वाटतात. या रुंद फूटसमोर पिन आली की दर वेळी थांबून काढावी लागते. कच्चे टाके घालण्यात एक आख्खी दुपार जाते, आणि फूट कितीही महागाचा घेतला तरी ही दुपार वाचत नाही.

धुण्याबद्दल. वॉशिंग मशीनमधून बऱ्याचदा काढूनही ओळी पक्क्या आहेत. एकीत अस्तराला कोरं सुती कापड होतं, ते आधी धुऊन आटवून घेतलं होतं, त्यामुळे तीही सपाट राहिली. सिंथेटिक साडी मधल्या थरात घातली तर वॉकिंग फूट असूनही सरकते, तिथे कच्चे टाके दुप्पट घालते. जुनं सूत तूस फार सोडतं. दात्यांखाली आणि बॉबिनच्या घरात त्याचा थर साचतो, ब्रश हाताशी असू द्या.

गोट लावायला हा फूट छान चालतो, दुमडलेल्या कडाही सरकत नाहीत. कोपऱ्यावर थर फार झाले की मोटर सोडून चाक हातानेच फिरवते. उलट शिवण मात्र माझ्या फूटवर धड येत नाही, म्हणून ओळीच्या दोन्ही टोकांना टाका बारीक करते. गोधडीवर फुलं-पानं किंवा गोल वळणं काढायची असतील तर हा घेऊ नका. त्याला डार्निंग फूट लागतो आणि मशीनचे दाते खाली पाडावे लागतात.