मास्टर्सचे रेकॉर्ड दाखवणारं ॲप: घेतलं ते भांडणासाठी, आणि हॅम्बुर्गच गायब

आधीच सांगतो, ॲपचं नाव लिहिणार नाहीये. चांगलं लिहिलं तर पैसे घेऊन लिहिलं म्हणतात, वाईट लिहिलं तर दुसऱ्या ॲपवाल्याचा माणूस म्हणतात. टेनिसची आकडेवारी दाखवणारी जी पेड ॲप्स आहेत त्यातलं हे एक, वर्षाला ७९९ रुपये, गेल्या मे महिन्यात घेतलं आणि आता रिन्यू करा रिन्यू करा म्हणून रोज नोटिफिकेशन यायला लागलंय, म्हणून म्हटलं एकदा लिहून टाकू.

घेण्याचं कारण माझा मेव्हणा. तो नदालवाला, मी फेडररवाला. ग्रँड स्लॅमचे आकडे शेंबडं पोर पण सांगतं, जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०, त्यावर भांडायला काही उरलेलंच नाही. आमची जुंपते ती मास्टर्सवरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९९० पासून स्लॅमच्या खालोखाल दरवर्षी ९ मोठ्या स्पर्धा असतात, आता जिंकणाऱ्याला १००० पॉइंट, म्हणून २००९ पासून नाव मास्टर्स १०००. एकटा माणूस सगळ्या सरफेसवर, सगळ्या हवामानात टिकतो का ते इथे कळतं (गवत सोडून, गवतावर एकही मास्टर्स नाही आणि हे मला आजपर्यंत पटलेलं नाही).

ॲप उघडलं की पहिलाच तक्ता, कोणी किती मास्टर्स जिंकली: जोकोविच ४०, नदाल ३६, फेडरर २८, अगासी १७, मरे १४, सॅम्प्रस ११. स्पीड मस्त आहे, एकदा डेटा उतरवून घेतला की पीएमटी बसमध्ये नेट रडत असलं तरी चालतं, आणि जाहिराती शून्य. पण हा तक्ता कुठेही फुकट मिळतो हो, त्यासाठी ७९९ कोण देईल.

पैसे वसूल होतात ते आतल्या चौकटीत. आडव्या ओळीत प्लेअर, उभ्या ९ स्पर्धा, जिथे जिंकलाय तिथे आकडा आणि जिथे कधीच जिंकला नाही तिथे करडा रिकामा खाना. आकड्यांपेक्षा ते रिकामे खानेच बघत बसावंसं वाटतं. नदालची ओळ बघा, माँटे कार्लो ११, रोम १०, डोळे फिरतात, आणि मग मायामी रिकामं, शांघाय रिकामं, पॅरिस रिकामं. मायामीत तर हा माणूस ५ वेळा फायनलला गेला आणि पाचही वेळा हरला! हे मी मेव्हण्याला दाखवलं तर तो शांतपणे म्हणतो, "दाजी, तुमच्या माणसाचं माँटे कार्लो बघा की." बघितलं. रिकामं. रोम पण रिकामं. दोन्हीकडे चार-चार फायनल हरलेला, त्यात २००६ चं रोम, पाचव्या सेटमध्ये दोन मॅच पॉइंट हातात होते आणि तिथून घालवली. तो खाना बघून अजून पोटात कालवतं.

जोकोविचच्या ओळीत करडं काहीच नाही. २०१८ ला सिनसिनाटीत फेडररलाच फायनलमध्ये हरवून त्याने नऊच्या नऊ पूर्ण केले, तसा तो पहिलाच, आणि २०२० ला परत एक पूर्ण फेरी मारली. त्याचा सगळ्यात लहान आकडा माँटे कार्लोचा, २, आणि कितीतरी वर्षं राहत होता कुठे तर माँटे कार्लोत. घरच्या मैदानावर सगळ्यात कमी, म्हणजे आमच्या सोसायटीच्या टीमसारखंच झालं.

आता गडबड. एका रविवारी काही उद्योग नव्हता म्हणून फेडररची ओळ बोटांवर मोजली, इंडियन वेल्स ५, मायामी ४, माद्रिद ३, कॅनडा २, सिनसिनाटी ७, शांघाय २, पॅरिस १. झाले २४. शेवटच्या कॉलममध्ये टोटल मात्र २८. परत मोजले, २४. नदालचे मोजले तर ३५, आणि टोटल ३६. जोकोविचचे बरोबर ४०. पाच मिनिटं डोकं खाजवलं आणि ट्यूब पेटली, अरे हॅम्बुर्ग! २००८ पर्यंत हॅम्बुर्ग मास्टर्स होतं, २००९ ला ते खाली ५०० पॉइंटच्या स्पर्धांमध्ये ढकललं, त्याची मातीवरची जागा माद्रिदने घेतली आणि माद्रिदची ऑक्टोबरची जागा शांघायला गेली. ॲपवाल्यांनी चौकट आजच्या ९ स्पर्धांची बनवली आणि जुन्या नुसत्या टोटलमध्ये कोंबल्या. फेडररची ४ हॅम्बुर्ग गायब. आणि त्यात कुठलं, तर २००७ चं! मातीवर नदाल सलग ८१ मॅच हरला नव्हता, ती मालिका तुटली त्याच फायनलमध्ये, पहिला सेट फेडररने २-६ घालवला, दुसरा ६-२ घेतला आणि तिसरा ६-०. नदालला मातीवर ६-०, परत वाचा. माझा सगळ्यात मोठा पत्ता आणि ॲपमध्ये त्याला बसायला खुर्चीच नाही.

दुसरी चूक याहून चीड आणणारी. माद्रिदवर टॅप केलं की सगळी विजेतेपदं क्ले, म्हणजे मातीवरची, म्हणून येतात. अरे बाबांनो २००८ पर्यंत माद्रिद इनडोअर हार्ड कोर्टवर होतं. फेडररचं २००६ चं इनडोअर, २००९ आणि २०१२ मातीवरचं, आणि २०१२ ला तर माती निळी होती, इतकी निसरडी की नदाल आणि जोकोविचने पुन्हा असं असेल तर येणार नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षी लाल माती परत आली. नदालचं २००५ चं माद्रिद पण इनडोअरच, ल्युबिचिचविरुद्ध दोन सेट मागे पडून पाचमध्ये काढलेलं. ते क्लेमध्ये टाकून तुम्ही नदालवर पण अन्याय करताय, हे मी फेडररवाला असून सांगतोय. तीच गत सिनसिनाटी २०२० ची, कोरोनामुळे ती स्पर्धा न्यूयॉर्कला झाली, ॲपमध्ये त्याचा पत्ता नाही. आणि २००५-०६ ला मास्टर्सची फायनल पाच सेटची असायची, नंतर तीनची झाली, असा काही फिल्टर असता तर मजा आली असती, पण नाही.

एक गोष्ट मात्र कबूल, २५० पॉइंटच्या बारक्या स्पर्धांपर्यंत स्कोअर व्यवस्थित आहेत. आपली पुण्यातल्या बालेवाडीची २०१९ ची फायनल, अँडरसन आणि कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकला गेलेली, मी स्टँडमध्ये होतो, मान दुखली होती सर्व्हिस बघून, ती काढून बघितली तर अचूक.

सपोर्टला मेल केला, हॅम्बुर्गचा कॉलम द्या आणि माद्रिदचा सरफेस सुधारा म्हणून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आपली सूचना टीमकडे पाठवली आहे. बस. त्यानंतर दोन अपडेट आले, त्यात आयकॉनचा रंग बदलला.

तर पाचात तीन स्टार, चौकटीसाठी. ऑटो रिन्यू बंद केलंय, वर्षाची मुदत संपेपर्यंत कॉलम आला तर बघू. तोवर चौकटीची प्रिंट काढून बॉलपेनने शेजारी दहावा कॉलम मारलाय, फेडररसमोर ठळक ४ लिहिला आणि मेव्हण्याला फोटो पाठवला. दोन मिनिटांत रिप्लाय, "दाजी, आमचा १ पण लिहा, २००८. फायनलला समोर कोण होतं ते पण लिहा."