‘वयामुळे होतंय, ताई’

जानेवारी ते मे २०२५ या पाच महिन्यांत मी एका ऑनलाइन कोचला १,१३,५०० रुपये दिले. बिकिनी फिटनेस स्पर्धेच्या तयारीचे ४८,०००, संघटनेचं सदस्यत्व आणि प्रवेश फी म्हणून १२,५००, बिकिनी, हिल्स आणि टॅनचे (मंचासाठी अंगाला लावायचा गडद रंग) २१,०००, आणि ‘किट’चे दरमहा ८,००० असे चार महिने. बँकेच्या काउंटरवर बसून साठवलेले पैसे होते, त्यामुळे गेल्याचं दुःख आहेच. पण त्या किटने माझा आवाज नेला. तो कसा गेला हे माझ्या वयाच्या बायकांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

मी सांगलीची, वय ४७. चार वर्षांपूर्वी आई न्हाणीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पाळी जायच्या आगेमागे बाईची हाडं भराभर ठिसूळ होतात, तुम्ही आत्तापासून वजनं उचला. मी विश्रामबागेतल्या जिममध्ये नाव घातलं. सुरुवातीला नुसता रिकामा बारही जड वाटायचा. तिसऱ्या वर्षी मी ७० किलोची डेडलिफ्ट केली, म्हणजे तेवढ्या वजनाचा बार जमिनीवरून उचलून सरळ उभी राहिले, तेव्हा माझं स्वतःचं वजन ६१ होतं. त्या दिवशी जिममधून घरी येताना काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढंच कळलं की मला आणखी पुढे जायचंय.

स्पर्धेच्या नावात बिकिनी आहे म्हणून लोक दचकतात. मीही दचकले होते. पण तो शरीरसौष्ठवाचाच एक गट आहे. खांदे, कंबर आणि नितंब यांचा मेळ, त्वचा, चाल, मंचावरचा आत्मविश्वास हे सगळं बघतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर ३५ वर्षांपुढच्या बायकांसाठी मास्टर्स गट असतात. आपल्याकडे बायकांच्या स्पर्धा बऱ्याचदा मॉडेल फिजिक या नावाने होतात, आणि त्या घेणाऱ्या संघटना एकाहून जास्त आहेत. प्रत्येकीचे नियम वेगळे. हा गोंधळच त्या कोचच्या पथ्यावर पडला.

इन्स्टाग्रामवर तो ‘चाळिशीनंतरच्या बायकांचा स्पेशालिस्ट’ म्हणून होता. वय फार तर तिशीचं. पहिल्या फोनवर तो झोपेबद्दल बोलला, हार्मोन्सबद्दल बोलला, सासू-सासऱ्यांचं पथ्यपाणी सांभाळून स्वतःचं जेवण कसं जमवाल हेसुद्धा त्याने विचारलं. माझ्या आयुष्याबद्दल इतकं नेमकं मला कोणीच विचारलं नव्हतं. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला सर.

आहार त्याने १,०५० कॅलरींवर आणला. भाकरी बंद, फळं बंद, अंड्याचा पांढरा भाग आणि उकडलेलं चिकन. रोज जड वजनं उचलणाऱ्या बाईला एवढं खाणं पुरत नाही हे मला आज कळतं. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरणं ठीक. माझे दोन-दोन किलो जायला लागले आणि मी खूश होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला किट आलं. दोन झिपच्या पिशव्या, एकीत पांढऱ्या बारीक गोळ्या, दुसरीत गुलाबी. वर मार्करने ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’. मी विचारलं, तर म्हणाला, परदेशी हर्बल आहे, मूळ पॅकिंगमध्ये पाठवलं तर कुरियरवाले अडवतात. घरात क्रोसीनची पट्टीसुद्धा तारीख बघितल्याशिवाय मी कोणाला देत नाही. त्या गोळ्या मात्र घेतल्या.

पंधरा दिवसांत नोटा मोजताना हात थरथरायला लागले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छाती धडधडायची, अंगातून वाफा निघायच्या. त्याला कळवलं, तर उत्तर आलं, ‘वयामुळे होतंय, ताई. पेरिमेनोपॉज.’ म्हणजे पाळी जाण्याआधीचा काळ. मार्चमध्ये पाळी चुकली. ‘वय.’ जबड्यावर पुरळ, हनुवटीवर राठ केस. ‘ताई, या वयात पुरुषी हार्मोन थोडं वर जातंच, घाबरू नका.’

यातलं एकही उत्तर मला खोटं वाटलं नाही, कारण एकही अशक्य नव्हतं. हे बायकांनी नीट ध्यानात घ्यावं. आदल्या वर्षी माझ्याच स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या की एक-दोन वर्षांत बदल सुरू होतील. सासूबाई म्हणाल्या, ‘मलाही अश्शाच वाफा यायच्या.’ ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, आमचंही तेच. पंचविशीतल्या मुलीची पाळी अचानक थांबली असती तर घरच्यांनी तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं. माझ्या बाबतीत सगळ्यांकडे कारण तयार होतं. त्या माणसाने आमच्या वयाच्या बायका का निवडल्या, ते मला तिथे उमगलं.

मग आवाज. आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी जमतं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, आणि गाणं बऱ्याच घरांत असतं तसं आमच्याही घरात होतं. मी लहानपणापासून काळी चारात, म्हणजे उंच पट्टीत गाते. मार्चअखेर वरचा षड्ज लागेना. वाटलं घसा बसला. ज्येष्ठमध चघळलं, हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, थंड पाणी सोडलं. एप्रिलमध्ये गॅस एजन्सीचा मुलगा फोनवर मला म्हणाला, ‘साहेब, मॅडमना द्या ना जरा.’

कोचला सांगितलं. त्याचं उत्तर मी जपून ठेवलं आहे: ‘वयाने आवाज भारदस्त होतो, ताई. स्टेजवर कोण गाणार आहे?’

मे महिन्यात त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका विदर्भातल्या ताईंनी मला वेगळा मेसेज केला. त्यांच्या पिशवीत चुकून कापलेल्या पट्टीचा तुकडा आला होता आणि त्यावर नाव होतं ऑक्झान्ड्रोलोन. त्यांच्याही पाळीचं, आवाजाचं तेच झालं होतं, आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं होतं. मी तो फोटो आणि दोन्ही पिशव्या घेऊन डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘अहो, तीन महिने तुम्ही का नाही आलात?’

रक्त तपासलं. चांगलं कोलेस्टेरॉल आधीच्या रिपोर्टमध्ये ५४ होतं, ते २१ वर आलेलं, यकृताचे आकडे चढलेले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून स्वरतंतू जाड झाल्याचं सांगितलं. ऑक्झान्ड्रोलोन हे ॲनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे पुरुषी हार्मोनसारखं काम करणारं औषध. बायकांनी घेतलं तर पुरळ, पाळी हे औषध थांबवल्यावर बरंचसं मार्गी लागतं, पण आवाज उतरला की तो परत येईलच असं नसतं. दुसऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांचा संशय क्लेनब्युटेरॉलवर आहे. घोड्यांच्या श्वासविकारावर वापरतात ते. हात थरथरणं आणि धडधड त्यात बसतं. ही दोन्ही द्रव्यं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहेत. तपासणीत सापडले असते तर चार वर्षांपर्यंतची बंदी माझ्यावर आली असती. आणि बिकिनी गटात अति टणक, चिरे पडलेल्या स्नायूंचे गुण कमी होतात. म्हणजे माझ्या स्पर्धेला त्या गोळ्यांची गरजही नव्हती.

घरी येऊन आयोजकांना फोन लावला. यादीत माझं नावच नव्हतं. मला आलेलं सदस्यत्वाचं प्रमाणपत्र बनावट. १२,५०० रुपये संघटनेच्या खात्यात नाही, एका तिसऱ्याच व्यक्तीच्या यूपीआयवर गेले होते, आणि ते नाव मला पैसे पाठवताना स्क्रीनवर दिसलं होतं. बिकिनी कधी आलीच नाही. मुलीने त्याचे ‘आधी आणि नंतर’चे फोटो इंटरनेटवर टाकून ते मूळ कुठले याचा शोध घेतला, तर दहा मिनिटांत एका परदेशी स्पर्धक बाईंचं खातं सापडलं. फोटो त्यांचे, २०१९ सालचे.

मी पैसे परत मागितले. त्याने मला माझेच पोझिंगचे फोटो पाठवले. दर रविवारी चेक-इन म्हणून मी त्याला ते पाठवायचे, साध्या पोहण्याच्या बिकिनीत, समोरून, बाजूने, पाठमोरी. खाली लिहिलं होतं, ‘बँकेतल्या ग्रुपवर टाकू का, ताई?’

स्पर्धेचं फक्त नवऱ्याला आणि मुलीला माहीत होतं. बाकी घराला मी नुसती जिमला जाते एवढंच ठाऊक होतं. त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून राहिले. सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंना फोनवरचे फोटो स्वतः दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक बघितला. म्हणाल्या, ‘पाठ किती सरळ आहे गं तुझी.’ मग म्हणाल्या, ‘आणि त्या मेल्याला पोलिसात दे.’ नंतर शाखेतल्या मॅनेजर मॅडमना मीच सांगितलं. त्यानंतर त्याच्याकडे मला घाबरवायला काही उरलं नाही.

तक्रार राष्ट्रीय सायबर पोर्टलवर केली, मग सांगलीच्या सायबर पोलिसांकडे गेले. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर पैसे गेल्या गेल्या लावला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. माझे महिने उलटून गेले होते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ आणि धमकीला ३५१ कलम आहे, अर्जात दोन्ही घटना वेगवेगळ्या तारखांसह लिहा. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. मी रागात आधी ब्लॉक केलं, आणि तोवर त्याने निम्मे मेसेज पुसले होते. गोळ्यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी करावी लागते, म्हणून उरलेल्या गोळ्या फेकू नका. फोटोंसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सोय आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात.

आणि स्पर्धेत उतरायचं असेल तर उतरा. मी कोणालाही मागे ओढायला हे लिहीत नाही. फक्त प्रवेश फी स्वतः आयोजकांच्या खात्यात भरा आणि गट आहे की नाही ते त्यांनाच विचारा. सुरुवातीला रक्त, थायरॉइड आणि हाडांची तपासणी करा आणि दोन महिन्यांनी रक्ताची पुन्हा करा. पूरक आहाराच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असतो. डबाच नसेल तर पुढे विचारायचं काही राहत नाही. आणि शरीरात काही बदललं तर वय आहे की नाही हे डॉक्टरांनी ठरवू दे, गोळ्या विकणाऱ्याने नाही.

त्याच्याविरुद्ध आम्ही आता सात जणी आहोत, सगळ्या ४० ते ५३ वयाच्या. तपास चालू आहे. माझी पाळी जुलैमध्ये आली, रक्ताचे आकडे सप्टेंबरपर्यंत जागेवर आले. वजनं मी सोडलेली नाहीत. स्पीच थेरपिस्टकडे दर मंगळवारी जाते. गुरुवारी भजनाला बसले की पेटीवाल्या काकू न विचारता माझ्यासाठी खालची काळी एक धरतात. त्यावर माझा आवाज बसतो. वर गेला की फाटतो.