घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा: सात-आठ महिन्यांचा अनुभव (आणि एअरबेडवाल्याबद्दल जरा जास्तच)

मामाच्या आजारपणात एअरबेड (हवेची गादी) भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने काल डिपॉझिटमधले निम्मे पैसे कापले, म्हणून लिहायला बसले. नाहीतर मामा गेल्यापासून या विषयाला हात लावावासाच वाटत नव्हता.

पॅलिएटिव्ह टीम म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणारे डॉक्टर-सिस्टर, जास्त पुराण लावत नाही. मामा ऐरोलीला आमच्याकडेच राहायचा, लग्न केलेलं नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला आणि डॉक्टरांनी पुढच्या उपचारांत अर्थ नाही असं स्वच्छ सांगितलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन बघून आलो. 1986 पासून अशाच पेशंटसाठी चालतं, पैसे घेत नाहीत. पण मामा म्हणाला, "इथून हलवलंत तर मी जेवण सोडेन." विषय संपला. मग एका ट्रस्टची घरी येणारी टीम लावली. सिस्टर आठवड्याला, डॉक्टर पंधरा दिवसांनी, अधेमधे फोन. फी शून्य.

पहिल्या महिन्यात विचारलं असतंत तर पाचात दोन दिले असते. सिस्टर यायच्या, बीपी बघायच्या, मामाशी क्रिकेटवर बोलत बसायच्या. सलाइन लावा म्हटलं तर नको म्हणाल्या, अंगावर सूज चढेल. आमचे हे म्हणाले, फुकटात एवढंच मिळायचं.

मत फिरलं ते मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या अफूवर्गीय गोळ्यांनी. 10 मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, दुखो न दुखो. दुखायला लागेपर्यंत थांबायचंच नाही. झोपताना दुप्पट डोस, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. नौपाड्याचे काका "व्यसन लागेल" म्हणून हादरले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "काका, व्यसनाचं राहू द्या, पोट साफ होतंय का ते रोज विचारा." गुंगी आणि मळमळ चार दिवसांत उतरली, बद्धकोष्ठ मात्र शेवटपर्यंत पाठीशी. म्हणून जुलाबाचं औषध पहिल्याच दिवसापासून मागून घ्या. मणक्याला रेडिएशनचा एकच शेक दिला, दहा-पंधरा दिवसांत दुखणं आणखी कमी झालं. मामा परत टेकून बसून पेपर वाचायला लागला, माझ्या भाजीला नावं ठेवायला लागला. तिथे माझे दोनाचे साडेचार झाले.

या गोळ्या नेहमीच्या मेडिकलमध्ये शोधत फिरू नका. 2014 साली अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा बदलला, चार-चार परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरते, तरी मान्यताप्राप्त संस्थेकडूनच घ्याव्या लागतात. आमच्या टीमकडे सोय होती. टीम ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा.

अर्धा स्टार कापला तो सामानासाठी. बेड, एअरबेड, कमोडची खुर्ची, सगळं तुमचं तुम्ही बघा. टीमने सर्जिकलच्या दुकानाचा नंबर दिला आणि हात झटकले.

आता एअरबेड. त्यातल्या हवेच्या कप्प्यांच्या रांगा आळीपाळीने फुगतात आणि बसतात, म्हणजे एकाच हाडावर सतत भार येऊन पडून-पडून जखम होत नाही. भाड्याने मिळालेला पंप म्हातारा. रात्रभर घरघर, आणि एका पहाटे बंद. महावितरणची वीज जाते तेव्हा नळ्या दुमडून रबरबँड लावायचा, हवा काही वेळ टिकते, हे जमत होतं. पण वीज असताना पंपच गेला तर काय करणार? दुकानदार म्हणाला, "मॅडम, सोमवारी बघतो." शनिवार होता. दोन दिवस आम्ही दर दोन तासांनी मामाला कुशीवर वळवत होतो, पाठीमागे उश्या लावून. माकडहाडाशी लालसर चट्टा आलाच.

सिस्टरनी एक युक्ती शिकवली. पंप चालू असताना एअरबेडखाली, पेशंटच्या कंबरेच्या जागी, तळहात सरकवायचा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. दुसरं, एअरबेडवर एकच पातळ चादर. मी मायेने आजीची गोधडी घातली होती, त्या बघताक्षणी ओरडल्या, "ताई, गोधडीच घालायची तर पंप कशाला चालवताय?" ती काढली, चट्टा हळूहळू विरला.

आणि हिशेब ऐका. साधा एअरबेड पंपासकट अडीच-तीन हजारांत नवा मिळतो. भाडं भरत राहिलं तर काही महिन्यांत त्याहून जास्त जातं. शेवटी नवा घेतला, आवाज जवळजवळ नाही. जुना परत करायला गेले तर दुकानदार डाग दाखवतो! अहो, पेशंटच्या गादीवर डाग नाही पडणार तर काय, अत्तर सांडणार? पावतीवर डागाचा उल्लेख नाही हे दाखवलं, तरी निम्मेच हातात ठेवले. पावतीचा फोटो काढून ठेवा, घेताना गादीचाही काढा.

मामा घरीच गेला, पहाटे. टीमच्या डॉक्टरांनी सकाळी येऊन नमुना 4अ भरून दिला. घरी मृत्यू झाला की मृत्यूचं कारण त्यावरच लागतं. ते हातात होतं म्हणून स्मशानात आणि नंतर पालिकेत कोणी अडवलं नाही. 21 दिवसांच्या आत नोंद करा, पुढे विलंब शुल्क आणि परवानग्यांचं लचांड. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या सिस्टरनी समोर मोजून, सही घेऊन परत नेल्या.

टीमला साडेचार. दुकानाला शून्य देता येत नाही म्हणून एक. नवा एअरबेड धुऊन ठेवलाय. ऐरोली, रबाळे, घणसोलीत कोणाला लागला तर घेऊन जा, डिपॉझिट नको.