सीझनवाला गेम की संपणारा गेम?

नवा गेम घेऊ पाहणाऱ्याला मी हल्ली ग्राफिक्सचं काही विचारत नाही. आधी एवढंच विचारतो, तू रोज खेळणार आहेस की जमेल तेव्हा? एकीकडे फोर्टनाइट, डेस्टिनी २, एपेक्स लेजेंड्स यांच्या वळणाचे, दर सीझनला, म्हणजे काही महिन्यांच्या दर टप्प्याला, नवं काहीतरी वाढणारे लाइव्ह सर्व्हिस गेम. दुसरीकडे एल्डन रिंग किंवा बाल्डर्स गेट ३ सारखे, एकदा पैसे मोजले की विषय संपला असे. दोन्हीकडे माझी काही वर्षं गेली आहेत, त्यामुळे पुढचं मत अनुभवाचं आहे. मोजमापाचं नाही.

आधी लाइव्ह सर्व्हिसची बाजू, कारण तिला नावं ठेवणं फार सोपं झालंय. यातले बरेच गेम फुकट सुरू करता येतात, त्यामुळे चार मित्रांपैकी एकालाच परवडत नाही ही अडचण येत नाही. शिवाय सगळ्यांनी एकाच वेळी काहीतरी अनुभवण्याची मजा दुसरीकडे सापडत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये फोर्टनाइटचा अख्खा नकाशा कृष्णविवरात गेला आणि दीड-एक दिवस पडद्यावर तेवढंच दिसत राहिलं. गेम बंद आहे आणि लोक तो बंद गेम बघत बसलेत! एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे घडणं शक्य नाही.

धंद्याचं गणितही समजण्यासारखं आहे. सर्व्हर चालू ठेवायचे, दर काही महिन्यांनी नवं काही बनवायचं, तर एकदाच आलेले पैसे पुरणार कसे? टीम फोर्ट्रेस २ हा २०११ मध्ये फुकट झाला आणि पात्रांच्या टोप्यांसारख्या वस्तूंच्या विक्रीवर आरामात जगला. पुढे लूट बॉक्सचा, म्हणजे आत काय निघेल ते न कळता घ्यायच्या पेट्यांचा, अतिरेक झाला. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ वरून मोठा गदारोळ उठला, २०१८ मध्ये बेल्जियमने असे पैशांचे बॉक्स जुगारात मोडतात असं ठरवलं. मग बॅटल पासचं चलन वाढलं: सीझनपुरते पैसे भरायचे, खेळत खेळत पायऱ्या चढायच्या आणि पायरीगणिक बक्षिसं मिळवायची. पासमध्ये काय मिळणार ते आधी दिसतं, त्यामुळे बॉक्सपेक्षा तो प्रामाणिक वाटतो. मलाही वाटला होता.

पण पास घेताना आपण वस्तू विकत घेत नाही, ती मिळवण्याची मुदत विकत घेतो. हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

गेमचं नाव सांगत नाही, तो तसा चांगलाच आहे. पासच्या शंभर पायऱ्या, मी त्र्याऐंशीवर, आणि कोपऱ्यात 'उरले ५ दिवस'. शंभराव्या पायरीवरचं चिलखत मला हवं होतं, पैसेही भरून झाले होते. रोजची आव्हानं पूर्ण केली तरच गाडी वेगाने सरकणार. त्या दिवशीचं आव्हान होतं, शॉटगनने पंधरा जणांना टिपा. मी शॉटगन कधी वापरत नाही. लांबून, दबा धरून खेळणारा माणूस मी. तरी धावत सुटलो, मरत राहिलो, सोबत्यांचे सामने घालवले. तेवढ्यात मित्र म्हणाला, "चल रे, नवीन नकाशा आलाय, बघू या." मी म्हणालो, "थांब, आधी माझी आजची कामं उरकू दे."

कामं! सुट्टीच्या दिवशी, रात्री साडेअकराला, खेळायला बसलेला मी असं म्हणालो.

चिलखत मिळालं, एक दिवस हातात राखून. दुसऱ्या दिवशी गेम उघडावासाच वाटला नाही. नंतर नवा सीझन आला आणि कोपऱ्यातलं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कोणाला हा फारच क्षुल्लक त्रास वाटेल. काहींना तर ते घड्याळ आवडतंही, खेळायला निमित्त मिळतं म्हणून. मला मात्र ते खपलं नाही.

त्याच सुमारास एल्डन रिंग अर्धा टाकून मी चार महिने तिकडे फिरकलो नव्हतो. परत गेलो तर माझा योद्धा सोडला होता तिथेच बसलेला. बटणं विसरलो होतो, पहिल्याच सैनिकाने तीनदा लोळवलं. पण माझ्या गैरहजेरीत काही निसटलं नव्हतं.

निसटण्याचा प्रश्न फक्त चिलखतांपुरता नाही. डेस्टिनी २ मध्ये २०१७ साली लोकांनी पैसे देऊन घेतलेली मूळ कथा नोव्हेंबर २०२० मध्ये काही ग्रहांसकट काढून टाकली गेली. द क्रू या २०१४ च्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि तो एकट्यानेही खेळता येईना. विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणणारी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम त्यातूनच उभी राहिली. कॉन्कॉर्ड हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम तर ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत गेलाही. तिथे निदान पैसे परत मिळाले.

अर्थात दुसरी बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. एकरकमी किंमत खिशाला लागते, पहिल्या दिवशी बग असतात, आणि 'एकदाच' म्हणत म्हणत डीएलसी, म्हणजे गेमला नंतर जोडलेला भाग, वेगळा विकतातच. डिजिटल गेमवर मालकीही पूर्ण नसते, आपल्याला मिळतो तो परवाना. तरी डाउनलोड केलेला ऑफलाइन गेम कंपनीची कमाई घटली म्हणून सहसा बंद पडत नाही. बाल्डर्स गेट ३ चौघांनी मिळून खेळता येतो खरा, पण चौघांची वेळ जुळवणं हा स्वतंत्र गेम आहे.

आणि ते घड्याळ लागतंच असंही नाही. हेलडायव्हर्स २ हा लाइव्ह सर्व्हिसच, पण त्यातले पास मुदतीत संपत नाहीत. आज घ्या, सवडीने पुरे करा. हॅलो इन्फिनिटनेही पासला मुदत ठेवली नाही. त्यामुळे 'सीझन म्हटला की मुदत आलीच' हे मला आता पटत नाही.

तुमचं टोळकं पक्कं असेल, रोज रात्री तासभर जमत असेल, तर सीझनवाला गेम घ्याच. पहिला महिनाभर पास मात्र घेऊ नका. वेळेचा भरवसा नसेल, मधेच पंधरा दिवस गायब होत असाल, तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल.

माझ्याकडे अजून एक सीझनवाला गेम आहे, पासशिवाय. मित्र बोलावतात तेव्हा जातो. सगळे चमचमत असतात, मी सुरुवातीला फुकट मिळालेल्या करड्या कपड्यांत. शॉटगन अजून उचललेली नाही.