येऊरच्या झाडांवरची अक्षरं आणि माझं दहापट भिंग

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून 380 रुपयांना हे दुमडणारं भिंग घेतलं, त्याला आता दोन पावसाळे झाले. मला झाडांवरची शैवाकं बघायची असतात. गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाकच, एवढं सांगितलं की आमच्या सोसायटीतल्या बायकांना लगेच कळतं.

भिंगाची खरी परीक्षा ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात झाली. एका गुळगुळीत सालीवर पांढरट डाग होता, नुसत्या डोळ्यांना चुना उडाल्यासारखा. भिंग डोळ्याला टेकवलं, मान पुढे नेली आणि त्या पांढऱ्यावर काळ्या, फाटे फुटलेल्या रेघा दिसल्या. कुणी बोरूने अक्षरं गिरवावीत तशा. ग्राफिस, म्हणजे अक्षरांसारख्या रेघांचं शैवाक! शैवाकात बुरशी घर देते, आत राहणारं शैवाल अन्न तयार करतं. या रेघा बुरशीच्या, तिचे बीजाणू तिथेच तयार होतात. रेघेच्या कडा मिटलेल्या की उघड्या, हेही दिसतं, आणि ओळख पटवताना ते फार कामी येतं. नेमकी जात ठरवायला मात्र सूक्ष्मदर्शक हवाच.

काच उत्तम, कडेला थोडी धूसर. स्क्रू महिन्याभरातच सैल झाला आणि दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला, त्याचा राग अजून आहे. गळ्यात अडकवायला दोरी वेगळी घ्या. साल खरवडू नका, शैवाकं फार हळू वाढतात. पावसाची सर येऊन गेल्यावर गेलात तर फारच छान: पानासारखी शैवाकं ओली झाली की आतलं हिरवं वर दिसू लागतं.